हा वाटा कोणाचा

९ नोव्हेंबर, रविवार

रिंकू बाई, तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? तुझ्या खोलीतली ती एटापल्लीची सुकरी, तिच्या पायाची जखम भरली का? वसतिगृहाच्या मॅडमचे गुडघे कसे आहेत? पोळ्या करणाऱ्या मावशींचं पित्त? मेसमधल्या मांजरीला पिल्लं झाली असतील तर तीही कशी आहेत ते कळव.

इकडे आजी बरी आहे, म्हणजे दिवसभर बोलते आहे. धान कापून कापून तुझ्या बाबाची कंबर धरली आहे. तुझ्या आईला सर्दी आहे, ती सांगत नाही, मी तिच्या नाकाकडे पाहून लिहितो. माझं म्हणशील तर दात सोडून सगळं जागेवर आहे.

दैनंदिनी अशी लिहीत नसतात हे मला ठाऊक आहे. वही देताना तू म्हणालीस, आबा, रोजचं लिहा, मी सुटीत येऊन वाचीन. पण मी शाळेत गेलो नाही. पोस्टमनच्या मागे मागे फिरून, लोकांची पत्रं त्याच्या खांद्यावरून पाहून अक्षरं शिकलो. त्यामुळे लिहायचं म्हटलं की समोर कोणीतरी माणूस लागतं. तू समोर आहेस असं धरून चालतो.

बुधवारी तलावात मोठं जाळं टाकायचं आहे. दरसाल तू दोरावर असायचीस. यंदा नर्सबाई व्हायला गडचिरोलीला गेलीस, बरंच केलंस. पण दोर जड लागणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जाळं चांगलं निघालं. रोहू, कतला, आणि झिंगे तर टोपलंभर.

तुला माहीत आहे, पण सुकरीला वाचून दाखवशील तर तिला कळावं म्हणून लिहितो. मासोळी निघाली की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वाटे मांडायचे. जितके हात दोरावर, तितके वाटे. मग मी वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. माझा दोरावरचा जोडीदार वारलू एकेका वाट्याला काडी लावून विचारतो, "हा कोनाचा?" मी न पाहता एकेकाचं नाव घेतो. कोणाला मोठी रोहू गेली, कोणाला नुसते झिंगे आले, ते ज्याच्या त्याच्या नशिबाचं. न पाहता घेतलेल्या नावावर आमच्यात कोणी भांडत नाही.

आज सगळी नावं घेऊन झाली, मी वळणार, तोच वारलूनं पुन्हा विचारलं, "आन हा कोनाचा?" मांडताना एक वाटा जास्त झाला होता. असा वाटा नाव न घेता पाण्यात सोडायचा, हा नेम. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "रिंकूचा." सवय, दुसरं काय.

सगळे हसले. वारलू नाही हसला. म्हणाला, "सोमाभाऊ, जिचा हात दोरावर नाई तिचं नाव पान्याले ऐकू जाऊ देऊ नये." मी म्हटलं, इतकी वर्षं ते पाणी पाळीवरचं तुझं घोरणं ऐकून राहिलं, त्याला काही झालं नाही. तरी हसला नाही.

वाटा घरी आणला. आजीनं कालवण केलं. तुझ्या नावाचं म्हणून तुझ्या बाबानं दोनदा वाढून घेतलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अक्षर सांभाळून घे.

दुपारी जेवायला बसलो होतो. दारात तू उभी. तुझाच पिवळा ड्रेस, केस ओले, पाणी गळतं आहे. ताराबाई, तुझी आजी, सुरूच झाली, "कालेज सोडून आली काऊन व? परीक्षा हाय ना तुही?" तू सरळ चुलीपाशी बसून वर ठेवलेल्या गंजातली मासोळी खाल्लीस, काट्यासकट. आमची पोरगी घरात आली की आधी एकेकाची तब्येत विचारते, मग चप्पल काढते. तू कोणाला काही विचारलं नाहीस. मला ते तिथंच खटकलं.

तेवढ्यात तुझ्या बाबाचा, धनराजचा, मोबाईल वाजला. त्यानं स्पीकरवर टाकला. "बाबा, आज मेसमंधी पुन्हा वांगेच होते." तुझा आवाज. तुझाच.

घास हातातच राहिले. चुलीपाशी बसलेली खात होती. तुझ्या आईनं, रोशनीनं, फोन उचलला आणि बोलत बोलत थेट विहिरीपर्यंत चालत गेली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वारलूला बोलावलं. तो आत आला नाही, सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाआडून पाहिलं आणि बाहेर चिचेच्या झाडाखाली जाऊन बसला. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

पाण्यानं नाव ऐकलं. वाटा गेला, हात आला नाही. म्हणून पाण्यानं आपल्याकडचा हात धाडला. नावाची धनीण स्वतः येऊन दोर ओढत नाही तोवर ही जायची नाही. आणि ही जसजशी घरात रुळेल तसतशी ती धनीण आपल्या मनातून पुसत जाईल. वारलूच्या आत्याकडे असंच झालं होतं. मी विचारलं, मग तिच्या पोराचं नाव काय होतं? वारलूनं मातीत काडीनं एक रेघ ओढली. म्हणाला, "तेच तर. कोनालेच याद नाई."

तुला फोन लावून मी सगळं सांगितलं. तू म्हणालीस, आबा, मी येतो, एक दिवस दोर ओढतो आन परत जातो. पण तुझ्या आईनं फोन हिसकावून घेतला. "तू तिथून हलू नको. माही पोरगी त्या पान्याजवळ येनार नाई. परीक्षा दे गुमान." तिचंही चूक नाही. कोणत्या आईनं पाठवलं असतं?

ठरलं असं की सकाळ-संध्याकाळ घरातल्या प्रत्येकानं तुझं नाव घ्यायचं, तू गडचिरोलीत आहेस असं मोठ्यानं म्हणायचं. धनराज म्हणाला, शाळेच्या हजेरीसारखं झालं. म्हणाला खरा, पण त्याचे डोळे लाल होते.

ती अंगणात बसून असते. जिथं बसते तिथली माती ओली. वाळवणावर बसली तर वाळवण ओलं. खरं सांगू का, तिचा राग येत नाही. उन्हात बसूनही कुडकुडते. माझं घोंगडं दिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज जाळं होतं. ती आमच्या मागं मागं आली. दोर धरला नाही. पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहिली आणि मासोळी आपणहून तिच्या अंगाला येऊन भिडली. असा माल या तलावातून मी कधी पाहिला नाही. लोक म्हणाले, सोमाभाऊची नात पायगुणाची. वारलूही म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अरे, तूच ना म्हणाला होतास पाण्याचा हात? तो म्हणाला, "कोनता हात? भाऊ, जेवला नाई का सकाळी?"

ताराबाईनं तिची वेणी घातली. केसांतून बारीक शंख निघाले. ताराबाई म्हणते, केस किती दाट आहेत पोरीचे.

आज पहिल्यांदा बोलली. "आबा," म्हणाली. एवढंच. सकाळची हजेरी घ्यायची राहिली, संध्याकाळी घेऊ.

२३ नोव्हेंबर, रविवार

रिंकू बाई, तुझी तब्येत कशी आहे? तिकडे थंडी पडली का?

एवढं लिहिलं आणि थांबलो. रिंकू तर समोर चुलीपाशी बसून झिंगे निवडते आहे. मग तिकडे म्हणजे कुठे? म्हातारपण, दुसरं काय. पण लिहिलेलं खोडत नाही, कागद खराब होतो.

तब्येती लिहितो. ताराबाई बरी. धनराजची कंबर सुटली. रिंकू बरी, खाणं चांगलं आहे. रोशनीचं मात्र काही समजत नाही. आज तिनं जवसाची चटणी कुटली, डब्यात दाबून भरली, डबा फडक्यात बांधला आणि तो मांडीवर घेऊन बसून राहिली. मी विचारलं, कोणासाठी बांधला? तर माझ्याकडे पाहत म्हणाली, "माहीत नाई मामाजी. बांधला खरा." मग डोळे पुसले आणि म्हणाली, तिखट लागलं.

धनराजला रोज एक राँग नंबर येतो. कोणी पोरगी बाबा, बाबा करते आणि रडते. तो बिचारा पहिल्यांदा समजावत होता, बाई, नंबर चुकला. काल तिनं परत परत लावला तर त्यानं तिचा नंबर बंद करून टाकला. नंतर बराच वेळ मोबाईल उलटा-पालटा करून पाहत होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जाळं भरून आलं. ताराबाई बरी. धनराज बरा. रिंकू बरी. रोशनी जेवत नाही.

ही वही मी कोणासाठी लिहितो कोण जाणे. सवय लागली म्हणून लिहितो.

३० नोव्हेंबर, रविवार

आज घरी पाहुणी आली, त्याची गोष्ट.

दुपारच्या एसटीनं एक पोरगी उतरली आणि सरळ आमच्या अंगणात आली. पाठीवर बॅग, चेहरा सुकलेला. मी सपरीत जाळं विणत होतो. म्हटलं, कोणाकडे आलीस बाई? तिनं ओठ दाबले. मग म्हणाली, "आबा, दात कसा हाय तुमचा? बाबाची कंबर बरी झाली का? आईची सर्दी? आजीचं बोलनं आयकू येऊन राह्यलं, म्हंजे ते बरीच असंन." इतकं सगळं विचारून मग तिनं चप्पल काढली.

मला मोठं नवल वाटलं. परक्या पोरीला आमच्या घरच्या तब्येती कशा ठाऊक? म्हटलं, नाव काय तुझं? म्हणाली, रिंकू. मी हसलो. म्हटलं, आमच्याकडे एक आहे, तू दुसरी. आमची रिंकू दाराच्या आत उभी राहून तिच्याकडे पाहत होती. ती कोणाकडे अशी पाहत नाही. पायाखाली पाण्याचं तळं झालं होतं.

पाहुणीनं सांगितलं, ती गडचिरोलीला नर्सचं शिकते, परीक्षा काल झाली, तिच्या घरचे तिला ओळखेनासे झाले आहेत. मला भरून आलं. म्हटलं, असे कसे घरचे? कोणत्या गावचे? मी येतो तुझ्यासंगं, दोन शब्द सुनावतो त्यांना. तर ती हसायला लागली आणि हसता हसता पदरात, म्हणजे ओढणीत तोंड घालून रडली. ताराबाईनं तिला पाणी दिलं, भात वाढला, बाई इतकं रडू नये, जीव जाते, म्हणाली. रोशनी दाराशी उभी होती. पाहुणीच्या पानात तिनं तो बांधून ठेवलेला चटणीचा डबा उघडून अर्धी चटणी वाढली. पाहुणी म्हणाली, मीठ बरोबर झालं. रोशनी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

जेवल्यावर पाहुणीनं एकच मागितलं. "उद्या जाळ्यावर मले घेऊन चला आबा. दोर ओढतो." धनराज म्हणाला, पाहुणीला कशाला राबवायचं? मी म्हटलं, दोर धरायला येणाऱ्या माणसाला आपल्यात नाही म्हणत नाहीत, मग तो वाटसरू का असेना. आमची रिंकू तेव्हा दुसऱ्यांदा बोलली. "नको," म्हणाली. इतक्या बारीक आवाजात की मला तिची दया आली. म्हटलं, अगं, तुझा वाटा कमी नाही होणार.

१ डिसेंबर, सोमवार

रिंकू, पोरी, हे तुला लिहितो. माझी रिंकू. माझं लेकरू.

नीट, आधीपासून लिहितो, नाहीतर माझंच चित्त ठिकाणावर राहायचं नाही.

सकाळी जाळं टाकलं. ती नेहमीसारखी पाण्यात जाऊन उभी राहिली. पण आज मासोळी तिच्याकडे गेली नाही, जाळंच जड होत गेलं, खाली कोणी धरून ओढावं तसं. तू माझ्या पुढं दोरावर होतीस. पाच-सात हात ओढलंस की तळहात पुसायचीस ड्रेसला. मी म्हटलं, पोरी, सोड, सोलून निघशील. तू म्हणालीस, "नाई सोडत आबा." मला वाटलं, काय जिद्दीची पोर आहे, कोण्या नशीबवानाची असेल.

वाटे मांडले. मी पाठ केली. वारलू विचारत गेला, मी नावं घेत गेलो. नावं घेता घेता पाहुणीवर आलो, तेव्हा तिचं नाव घेणं भाग होतं. "रिंकूचा," म्हटलं.

मागून दोन आवाज आले. "माहा."

वारलू म्हणाला, "सोमाभाऊ, दोघींनी हात पुढं केले. कोनाच्या हातात देऊ? मागं पाहू नको." मागं पाहिलं की नाव फुकट गेलं, मग सारी मासोळी पाण्याची. न पाहताच सांगायला हवं होतं. मी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि म्हटलं, "पोरींनो, आपापला हात माझ्या हातात द्या."

डाव्या हातात आला तो थंड, गुळगुळीत. मासोळीच्या पोटासारखा. तळव्यावर एकही रेघ नाही.

उजव्या हातात आला तो गरम, फोडांनी भरलेला, कातडी लोंबत होती. त्या हातानं माझा अंगठा धरला. बोटं नाही, सगळा हात नाही, अंगठा. चालायला शिकली तेव्हापासून तलावावर येताना माझी नात माझा अंगठा धरून चालते.

बाई, मग सगळं एकदम आलं. तू पहिलीत असताना तुझ्या पाटीवर मी ज्ञ काढायला शिकलो ते. तापात तू मला बडबडगीत म्हणायला लावलंस ते. गडचिरोलीच्या एसटीच्या खिडकीतून वही दिलीस ते. आणि काल मी तुला विचारलं ते. कोणाकडे आलीस बाई. मी विचारलं. मी.

"उजवीकडची माही नात व्हय," मी म्हटलं. "वाटा तिचा." तोवर तुझी आई पाळीखालून धावत वर आली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तुझा बाबा तिथंच मातीत बसला आणि खिशातला मोबाईल काढून त्याच्याकडे पाहत रडला.

पण माझ्या डाव्या हातातला हात तसाच होता. ओढून घेत नव्हता की सुटत नव्हता. थंडी वाजणाऱ्या पोरासारखा चिकटून होता. मला सांग रिंकू, तिनं काय केलं होतं? बिननावाची होती, मी नाव फेकलं, तिनं उचललं. नाव हातात आल्यावर कोण सोडतं? तिला असंच लोटून दिलं असतं तर उद्या तिनं दुसऱ्या कोणाचं उचललं असतं.

वारलू म्हणाला, एक वाटा वर उरला आहे, पाण्यात सोडतो. मी म्हटलं, सोडू नको, विचार. तो म्हणाला, पुन्हा तीच चूक करतो काय भाऊ? मी म्हटलं, तेव्हा हात नव्हता. आता माझ्या हातात हात आहे. विचार.

त्यानं काडी लावली. "हा कोनाचा?"

"पिंकीचा," मी म्हटलं.

रिंकूची बहीण पिंकीच असायची ना, मला दुसरं सुचलं नाही. मागं कोणीतरी हलकंच हसलं. मग हात निसटला. मी वळलो तेव्हा पाण्याकडे गेलेली ओली पावलं होती, आणि तो वाटा जागेवर नव्हता.

७ डिसेंबर, रविवार

रिंकू बाई, सुखरूप पोचलीस ना? तळहात कसे आहेत? मलम लावतेस की दुसऱ्यालाच लावून देतेस? सुकरीला माझा आशीर्वाद सांग. घरचे तुला ओळखेनात म्हणून तिनं आपल्या आईला तुझ्यासाठी एटापल्लीला खोली झाडून ठेवायला सांगितलं होतं, हे तू निघताना सांगितलंस. त्या पोरीच्या पायाची जखम भरलीच पाहिजे. मॅडमचे गुडघे, मावशींचं पित्त, तेही कळव.

इकडे आजी बरी. तुझा बाबा दर तासाला मोबाईल पाहतो, चार्जिंग संपवतो. तुझी आई जेवायला लागली. मी बरा, पण कोणी दारात आलं की ओळखीचं असलं तरी आधी त्याचा हात हातात घेतो. लोक म्हणतात, सोमाभाऊ पुढारी झाला.

काल जाळं होतं. आता वाट्यांत एक पिंकीचा असतो, नाव घेऊन पाण्यात सोडतो. जाळं ओढताना खालून कोणी लोटावं तसा दोर हलका येतो, हे सगळ्यांनीच पाहिलं. तुझी आई या नावाला घरात थारा देत नव्हती. आजी नुसतं म्हणाली, त्या पोरीला पाण्यात थंडी वाजत असेल का, तर तुझ्या आईनं ताट सरकवलं. पण काल वाटे मांडताना पाळीवर आली, पदर खोचून उभी राहिली, आणि पिंकीच्या वाट्यातली लहान रोहू काढून मोठी टाकली. वारलू बघतच राहिला. ती त्याला म्हणाली, "बघून काय राह्यले भाऊजी? दुसऱ्याची असली तरी पोरच व्हय."

हे पान वहीतून काढून तुला धाडतो. फोन करतेस ते चांगलंच, पण कागदावर लिही. आमचं एकेकाचं नाव घेऊन लिही, कोणी सुटू देऊ नको. तुझं पत्र आलं की घरात मोठ्यानं वाचीन, मग पाळीवर जाऊन पुन्हा एकदा वाचीन. तिथंही कोणी वाट पाहत असेल. तिच्यासाठी एक ओळ टाकलीस तर आईला सांगणार नाही.

लवकर लिही, बाई.

तुझा आबा